आईचं ऑपरेशन एसओपीत लिहू का?

आदरणीय मॅडम,

मी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोड कामगार. दहावीपर्यंत मराठी माध्यम. निम्मी शाळा हंगामी वसतिगृहातून, निम्मी आजीजवळ राहून. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, ६६ टक्के. दुसऱ्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी लागली, कारण त्या सेमिस्टरला आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि तिच्या जागी मी वडिलांबरोबर कोयत्यावर गेले. बी.एस्सी.नंतर एक वर्ष पुण्यात एमपीएससीचा अभ्यास केला, पूर्वपरीक्षाही निघाली नाही. गेली अडीच वर्षं भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. अटल भूजल योजनेच्या गावांत विहिरींची पातळी मोजणं आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणं हे माझं काम.

आता जर्मनीत भूजल विषयात मास्टर्स करायचं आहे, डाड (DAAD) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्तीही बघते आहे. एका कन्सल्टंटने एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे प्रवेशअर्जाबरोबरचं हेतुपत्र) लिहून दिला. तो म्हणतो, कोयता, दुष्काळ, आईचं ऑपरेशन सगळं सविस्तर घालू, बाहेर हे चालतं. एमपीएससीचं वर्ष मात्र लपवू, त्या काळाचं अनुभव प्रमाणपत्र तो आणून देईल. मैत्रिणी म्हणतात, गरिबीचं अवाक्षरही काढू नकोस, लोक कीव करतात. मला दोन्हीही पटत नाही. पार्श्वभूमी किती लिहू आणि कुठे लिहू? एसओपी सोबत जोडला आहे.

(ता. क. मागच्या वर्षी माझ्या मोजणीचा तक्ता ग्रामसभेत दाखवल्यावर एका गावाने नवीन सार्वजनिक बोअर रद्द केलं. हे लिहिण्यासारखं आहे का?)

— एक वाचक

*

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ताजा कलमात टाकलंस, तेही कंसात. आणि कन्सल्टंटच्या एसओपीत ते कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. तिथे पहिल्या ओळीत लहानपणापासून तुला पाण्याच्या थेंबाचं मोल कळत होतं असं आहे, ‘हंबल बॅकग्राउंड’ दोन वेळा आहे, भेगाळलेली जमीन आहे, आईच्या डोळ्यांतलं पाणी आहे. ‘ग्राउंडवॉटर’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या पानावर. तू अडीच वर्षं विहिरी मोजल्यास, हे कळायला वाचणाऱ्याला शेवटच्या परिच्छेदापर्यंत जावं लागतं. तिथवर तो जाईल याची खात्री मला नाही.

हा मसुदा बाजूला ठेव. पैसे गेले असतील तर गेले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. कन्सल्टंट आणि मैत्रिणी उलट दिशांना बोलतात, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: पार्श्वभूमी म्हणजे गरिबी, आणि ती दाखवायची असते किंवा झाकायची असते. अर्ज वाचणारी माणसं वेगळं काही शोधत असतात. ती भूजलशास्त्राची प्राध्यापक मंडळी असतात. पहिल्या सेमिस्टरचं गणित आणि मॉडेलिंग हिला झेपेल का, हा विषय नेमका काय आहे हे हिला ठाऊक आहे का, ही अभ्यासक्रम पुरा करेल का आणि पुढे त्याचं काय करेल, हे त्यांना ठरवायचं असतं. तुझ्या आयुष्यातली जी गोष्ट यांपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर देते, तिला अर्जात जागा आहे. जी देत नाही ती कितीही खरी आणि कितीही दुःखाची असली तरी तिची जागा दुसरीकडे आहे.

या कसोटीवर तुझी पार्श्वभूमी लावून बघ. फार थोड्या अर्जदारांचं आयुष्य त्यांच्या विषयाला इतकं चिकटलेलं असतं. खरीप निघाला की तुझे आईवडील मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळीबरोबर बाहेर पडतात आणि गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. का जातात? कारण दुसरं पीक घेण्याएवढं पाणी विहिरीत राहत नाही. आणि जाऊन काय तोडतात, तर महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक. तुला हे रोजचं आहे म्हणून त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसेल. पण दख्खनच्या काळ्या पाषाणाबद्दल फक्त पुस्तकात वाचलेल्या प्राध्यापकाला हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत कळते: कठीण बेसाल्ट, पाणी धरून ठेवायला फक्त वरचा मुरूम, भेगा आणि सच्छिद्र थर, साठवण कमी, भरणा पावसाच्या चार महिन्यांत, आणि उपसा त्याहून जास्त. बेसाल्टची कमी साठवण हा तुमच्या घरच्या स्थलांतरामागचा एक भूशास्त्रीय हिस्सा आहे. एकच हिस्सा, हेही लक्षात ठेव. जमिनीची मालकी, मजुरीचे दर, उचलीचं कर्ज हे सगळं बेसाल्टवर ढकललंस तर कुणी समाजशास्त्रज्ञ समितीवर असेल तो तिथेच पेन्सिलने खूण करेल.

पण एक सांभाळ. ‘म्हणून मी लहानपणीच ठरवलं की भूजलतज्ज्ञ व्हायचं’ असं लिहू नकोस. तू भूशास्त्र का घेतलंस हे पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की ज्या विषयाला प्रवेश मिळाला तो घेतलास, आपल्याकडे बहुतेकांचं तसंच होतं. त्यात लाज काही नाही. खरं कारण सांगावंसं वाटत नसेल तर गाळून टाक, पण बालपणीचं स्वप्न तयार करू नकोस. या विषयात तुझा जीव कधी गुंतला ते सांग. मला वाटतं ते कॉलेजात झालं नसावं, विहिरीच्या काठावर झालं असावं.

आता मसुदा. इंग्रजीत तूच लिहायचा आहेस, मी मराठीत नुसता सांगाडा देते. गाळलेल्या जागी तुझे आकडे भर, माझ्याकडे ते नाहीत:

‘माझे आईवडील दरवर्षी सुमारे सहा महिने ऊसतोडीसाठी बाहेर असतात, कारण आमच्या गावच्या विहिरींना खरिपानंतरच्या पिकापुरतं पाणी राहत नाही. गेली अडीच वर्षं मी जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या भूजल कार्यक्रमात … गावांतल्या … निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि त्यावरून गावाचा वार्षिक पाण्याचा ताळेबंद तयार करते. … या गावात … मीटरपेक्षा खोल बोअरची संख्या वाढली त्याच काळात उथळ विहिरींची पातळी घसरल्याचं माझ्या नोंदींत दिसलं. हा तक्ता ग्रामसभेत मांडल्यावर गावाने एक नियोजित बोअर रद्द केलं. खोल बोअर आणि उथळ विहिरी यांचा नेमका संबंध काय, हे सिद्ध करण्यासाठी लागणारं पंपिंग टेस्टचं आणि मॉडेलिंगचं ज्ञान माझ्याकडे नाही. त्यासाठी हा अर्ज.’

बघ, यात पार्श्वभूमी एका वाक्यात आली. गरिबी हा शब्द नाही, संघर्ष नाही, थेंब नाही. तरी वाचणाऱ्याला तू कोण, कुठून आलीस, काय केलंस आणि काय येत नाही हे सगळं कळलं. शेवटची दोन वाक्यं काढू नकोस. आपल्याकडे ‘मला येत नाही’ असं लिहायची पोरांना भीती वाटते. मास्टर्सच्या अर्जात मात्र तेच लिहायचं असतं, फक्त नेमकं. ‘मला ज्ञान वाढवायचं आहे’ असं लिहिणारीला अजून काय शिकायचं ते माहीत नसतं. पंपिंग टेस्ट म्हणणारीला माहीत असतं. त्यापुढचा परिच्छेद तिथून आपोआप सुटेल: त्या अभ्यासक्रमातले कोणते विषय ही उणीव भरतात. त्यासाठी विद्यापीठाचं मॉड्यूल हँडबुक उघडून बस. फ्रायबर्गचं वेगळं असेल, ड्रेस्डेनचं वेगळं. विद्यापीठाचं नाव बदललं तरी जो परिच्छेद जसाच्या तसा चालतो तो पुन्हा लिहावा.

आणि मोजणीचे आकडे मीटरमध्ये दे. ६०० फुटांचं बोअर म्हणजे साधारण १८३ मीटर. एकर, लाख, परस असं काही नको. ग्रामसभा म्हणजे गावातल्या मतदारांची सभा हे चार शब्दांत सांग. अटल भूजल योजनेचं नाव तिकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. २०१९च्या डिसेंबरात सुरू झालेला, महाराष्ट्रासह सात राज्यांतला, निम्मा निधी जागतिक बँकेचा असलेला ६,००० कोटींचा कार्यक्रम असं ओळखपत्र दिलंस की तुमची जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत नसलेली संस्था अचानक मोठ्या चित्रात दिसते. ६,००० कोटी हेही तिकडच्या हिशेबात ६० अब्ज रुपये असं लिही.

आता आईचं ऑपरेशन.

कन्सल्टंटला ते का हवं आहे हे मला कळतं. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर आणि बाहेरही गाजला, सरकारने त्यावर चौकशी समिती नेमली होती. बीड हे नाव आणि ही शस्त्रक्रिया एका वाक्यात आली की वाचणारा थबकेल, असा त्याचा हिशेब. थबकेलही. पण कशासाठी? त्या शस्त्रक्रियेमुळे तू भूजलशास्त्र शिकायला अधिक लायक ठरत नाहीस आणि कमीही नाही. ती गोष्ट आईच्या शरीराची आहे, तिची आहे. ती सात समुद्रापार कुठल्या समितीच्या टेबलावर जाणार, हे तिला माहीत तरी आहे का? तू सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करायला निघाली असतीस, त्या बायकांबरोबर काम केलं असतंस, आणि आईने हो म्हटलं असतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. इथे नाही. लिहू नकोस.

मात्र एटीकेटीचं कारण सांगायला हवं, कारण ती मार्कशीटवर दिसणारच आहे. त्याला दोन वाक्यं पुरतात: ‘तिसऱ्या सेमिस्टरला आईच्या शस्त्रक्रियेमुळे मला काही आठवडे घरच्या कामाची जबाबदारी घ्यावी लागली आणि दोन विषयांत मी अनुत्तीर्ण झाले. पुढच्या परीक्षेत दोन्ही विषय सुटले आणि शेवटच्या वर्षी माझे गुण … टक्के आहेत.’ सेमिस्टर तिसरं होतं की चौथं ते तू दुरुस्त कर. इथे विशेषणं नकोत, माफी नको, कॉलेजने समजून घेतलं नाही ही तक्रार तर मुळीच नको. ‘घरच्या कामाची जबाबदारी’च्या जागी ‘ऊसतोडीचं काम’ लिहायचं का, हे तुझ्यावर. मी लिहिलं असतं. एका कोयत्याला नवराबायको दोघं धरलेले असतात, एक जण बसला तर उचल फिटत नाही, म्हणून मुलगी गेली. यात लपवण्यासारखं काय आहे? पण ते तुला लिहावंसं वाटलं तरच. आणि हा खुलासा पहिल्या परिच्छेदात नको. पत्राच्या शेवटाकडे, जिथे गुणपत्रिकेचा विषय निघतो तिथे.

याहून चांगली जागा आणखी एक आहे: शिफारसपत्र. तू स्वतः सांगितलंस तर तो खुलासा असतो. तुझ्या सरांनी लिहिलं की ‘ही मुलगी हंगामात मजुरीला जाऊन परत येऊन परीक्षेला बसली, आणि माझ्या फील्डवर्कच्या वहीत तिच्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ होत्या’, तर ती साक्ष होते. म्हणून सरांना भेट आणि त्यांना माहीत असलेलं आणि नसलेलं सगळं सांग.

सर बहुधा म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आपल्याकडची ही जुनी रीत आहे आणि त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. शिकवणं, पेपर तपासणं, परीक्षेची ड्युटी यांतून वेळ मिळत नाही. पण तू लिहिलेलं पत्र तुझ्या एसओपीसारखंच वाजतं, आणि वाचणाऱ्याला ते कळतं. नम्रपणे सांग, ‘सर, मी एका पानावर मुद्दे लिहून देते, पत्र तुमच्या शब्दांत द्या.’ त्या पानावर त्यांनी तुला शिकवलेले विषय, तू केलेला प्रकल्प, एखादी आठवणारी फील्ड ट्रिप, एटीकेटीचा काळ आणि आताचं काम एवढं दे. सरांनी चार ओळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिल्या तरी हरकत नाही. संलग्न कॉलेजातल्या बऱ्याच प्राध्यापकांना कॉलेजचा ईमेल नसतो, जीमेलच असतो. काही विद्यापीठं तो पत्ता स्वीकारायला कुरकुर करतात. तसं असेल तर प्राचार्यांच्या कार्यालयाच्या ईमेलवरून पाठवता येईल का विचार, पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर घे आणि विद्यापीठाला आधीच मेल टाकून ठेव. दुसरं पत्र संस्थेतल्या वरिष्ठांकडून. तो ग्रामसभेचा प्रसंग त्यांनी लिहावा. तिथे ते हजर होते ना?

एमपीएससीचं वर्ष.

तो कन्सल्टंट तुला खोटं अनुभव प्रमाणपत्र देऊ करतो आहे. त्याच्याकडे परत जाऊ नकोस, एसओपी सुधारायलासुद्धा नाही. भारतातून जर्मनीत शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. एपीएस म्हणजे जर्मन दूतावासाचं मूल्यमापन केंद्र, तुझी शैक्षणिक कागदपत्रं तिथे तपासली जातात. अनुभवाची पत्रं विद्यापीठ बघतं, शिष्यवृत्तीवाले बघतात, व्हिसावाले बघतात, आणि कुणीही फोन लावू शकतं. एका बनावट कागदामुळे तुझी अडीच वर्षांची खरी वही संशयात येईल. त्या वर्षाचा तुला तोटा होईल असं मला मुळीच वाटत नाही. सीव्हीत महिन्यांसकट एक ओळ लिही: महाराष्ट्र राज्यसेवा परीक्षेची तयारी, पुणे. बस. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दर वर्षी किती पोरं बसलेली असतात हे जर्मन प्राध्यापकाला माहीत नसेल, पण सरकारी सेवेची स्पर्धा परीक्षा म्हणजे काय हे कळतं. निकाल काय लागला हे कुणी विचारलंच तर सांग, निवड झाली नाही. एसओपीत त्याचा उल्लेख करायची गरज नाही. तारखांमधली रिकामी जागा मात्र ठेवू नकोस. कोरी जागा वाचणारा स्वतःच्या मनाने भरतो.

६६ टक्क्यांचं म्हणशील तर जर्मनीत ते जसेच्या तसे बघत नाहीत. सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुझे गुण वजा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेची मर्यादा याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. तुझ्या ट्रान्सक्रिप्टवर उत्तीर्णतेची मर्यादा ४० असेल तर उत्तर २.७ येतं, ३५ असेल तर २.५७. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास, त्यामुळे आकडा जितका लहान तितका बरा. बरेच अभ्यासक्रम २.५ची अट घालतात, म्हणून हा फरक तुला किरकोळ वाटू देऊ नकोस. मर्यादा आपण निवडायची नसते, ती विद्यापीठाच्या नियमाची असते. पण ती ट्रान्सक्रिप्टच्या मागे छापलेली आहे की नाही ते बघ. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घे, नाहीतर तिकडचा कारकून स्वतःच्या समजुतीने आकडा धरेल. जिथे २.५ची अट काटेकोर आहे तिथे अर्जावर शक्ती घालवू नकोस. जिथे ‘साधारण’ किंवा ‘अनुभव विचारात घेऊ’ असं आहे, तिथे तुझ्या विहिरी कामाला येतील.

डाडच्या विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्त्या तुझ्यासारख्यांसाठीच आहेत. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव त्यांना लागतो, आणि पदवी साधारण सहा वर्षांहून जुनी चालत नाही. दोन्हींत तू बसतेस. त्यांच्या प्रेरणापत्रात सध्याच्या कामाचा संदर्भ देऊन हा अभ्यासक्रम का, हे विचारतात. तुझ्या कामाचा इथे थेट उपयोग आहे, म्हणून कोयत्यावरचं एक वाक्य आणि कामावरचं एक पान असं माप ठेव. शिकून झाल्यावर काय, याचं उत्तर ‘देशसेवा’ असं देऊ नकोस. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत जाणार, आहे त्या संस्थेत परतणार, की आणखी काही, ते नाव घेऊन सांग. ठरलं नसेल तर दोन शक्यता लिही. या शिष्यवृत्तीच्या त्या वर्षीच्या अभ्यासक्रमांच्या यादीत तुझा अभ्यासक्रम आहे की नाही, हे आधी बघ. विद्यापीठ चांगलं असलं म्हणून तो यादीत असतोच असं नाही.

जात आणि उत्पन्न यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण कन्सल्टंटने तुझ्या मसुद्यात प्रवर्गाचा उल्लेख घुसवला आहे, म्हणून सांगते. दाखला आणि गोष्ट वेगळ्या ठेव. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती आणि पारंपरिक कारागीर यांच्याबरोबर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही जागा आहेत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पात्रता परीक्षेत ६० टक्के लागतात. तुमच्या नावावर जमीन आहे की नाही ते पत्रात नाही, म्हणून सातबारा बघ. राज्य सरकारच्याही प्रवर्गनिहाय परदेश शिष्यवृत्त्या आहेत. तिथे जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला सगळं लागतं, आणि तहसीलच्या फेऱ्या आत्ताच सुरू कर. हे कागद शिष्यवृत्तीच्या खिडकीवर द्यायचे. भूजलशास्त्राच्या प्राध्यापकाला ‘एनटी-डी’ या अक्षरांचा काही अर्थ लागणार नाही. जातीमुळे तुझ्या शिक्षणात किंवा कामात काही घडलं असेल, एखाद्या गावात विहिरीवर जाऊ दिलं नसेल, आणि ते तुझ्या कामाशी जोडलेलं असेल, तर प्रसंग म्हणून लिही. नुसती अक्षरं नकोत.

पुढे कधी अमेरिकेचा विचार केलास तर तिथलं गणित थोडं वेगळं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत स्टेटमेंट ऑफ पर्पजबरोबर पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट असं दुसरं निवेदन मागत आले आहेत. कुठून आलो, काय अडथळे होते, हे तिथे मोकळेपणाने लिहायची मुभा असते; घरात पदवीधर होणारी पहिलीच व्यक्ती असणं हीदेखील तिथे नोंदवायची गोष्ट असते. पण तिथली काही विद्यापीठं तीन वर्षांची बी.एस्सी. पुरेशी धरत नाहीत, चार वर्षांची मागतात. अर्जाची फी भरण्याआधी हे मेल करून विचार.

इंग्रजीबद्दल माफी मागू नकोस. मसुद्यात ‘मराठी माध्यमामुळे माझं इंग्रजी कच्चं होतं, पण जिद्दीने’ असं एक वाक्य आहे, ते काढ. आयईएलटीएसचा स्कोअर इंग्रजीबद्दल बोलेल. मराठी ही तुझ्या सीव्हीतल्या भाषांच्या रकान्यात पहिली येऊ दे, मातृभाषा म्हणून. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत भूजलावर बोलता येणं हे या क्षेत्रात कौशल्यच आहे. तुझं स्वतःचं इंग्रजी साधं असलं तरी चालेल. एखाद्या जाणकाराकडून व्याकरण तपासून घे, पण वाक्यं त्याला बदलू देऊ नकोस. चॅटजीपीटीला लिहायला सांगितलंस तर तो पुन्हा तुला पाण्याच्या थेंबापाशी नेऊन सोडेल.

एक कटकट राहिली. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. बी.एस्सी.च्या मार्कशीटवर कधी आईचंही. पासपोर्टवर रकाने वेगळे. अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेव आणि सगळीकडे अक्षरन् अक्षर तसंच लिही. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं असेल, तर आत्ताच प्रतिज्ञापत्र करून घे. ऐन वेळी तहसीलला किंवा नोटरीकडे धावायची वेळ येऊ देऊ नकोस.

क्रम असा लाव. आधी ट्रान्सक्रिप्ट, कारण विद्यापीठात त्याला वेळ लागतो. मग एपीएस. ते चालू असताना सरांना आणि संस्थेतल्या वरिष्ठांना भेट. एसओपी शेवटी लिही, तेही तुझ्या नोंदवह्या आणि ग्रामसभेला दाखवलेला तो तक्ता समोर घेऊन. तक्ता शोधून ठेव, कुठल्या गावाचा, कुठल्या तारखेचा ते त्यावर नसेल तर लिहून ठेव, आणि त्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून मागून घे. मसुदा झाला की मला पाठव. आईला मात्र त्याआधी वाचून दाखव, तिच्याबद्दलची ती दोन वाक्यं तरी.